मशीनमध्ये नसलेलं कडवं

तिनागो, बोहोल
९ नोव्हेंबर १९९९

इंदाय जोवेलिन,

तीन वर्षांत मी तुला एक ओळही लिहिली नाही. तुझ्या तातयने बापाच्या हक्काने घरात तुझं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं होतं आणि मी ते मुकाट्याने पाळलं. आता सांगणारा राहिला नाही. आज त्याला जाऊन सोळा दिवस झाले. बोटीची एक फळी पलीकडच्या बेटाला लागली, तिच्यावर तुझं नाव आहे. तुझ्याशी बोलणं टाकलं, पण बोटीवरचं तुझं नाव दरवर्षी नव्याने रंगवायचा तो. तो स्वतः काही सापडला नाही.

एवढं तुला नोंग तिबुर्स्योने त्याच्या दुकानातून फोनवर सांगितलंच आहे. तू हाँगकाँगला रडलीस म्हणे, आणि मालकिणीने अर्धा दिवस सुट्टी दिली म्हणे. बरं केलं तिने. पण मी हे रडण्यासाठी लिहीत नाही. माझं तुझ्याकडे काम आहे.

तो येतोय, जोवेलिन. पाचव्या दिवसापासून येतोय. रोज पहाटे जिन्यावर ओली पावलं असतात. उजव्या पायाला करंगळी नाही, तेव्हा दुसऱ्या कुणाची आहेत असं म्हणायची सोय नाही. पायऱ्या पाच. तो तिसरीपर्यंत चढतो. तिथे बराच वेळ उभा राहत असणार, कारण तेवढ्याच पायरीत पाणी मुरलेलं असतं. मग वळतो, खाली उतरतो, आणि पावलं वाळूतून सरळ पाण्यात जातात. आत काही येत नाही.

तीन डिसेंबरला त्याचा चाळिसावा दिवस. त्याच्या आत त्याने घरात यायला हवं, आपल्या माणसांचा निरोप घ्यायला हवा, म्हणजे तो सुटला. नाहीतर कायमचा जिन्याखालीच राहायचा. तुझ्या नवऱ्याच्या पंथात हे मानत नाहीत, मला ठाऊक आहे. मानू नका. पण पायऱ्या माझ्या घराच्या आहेत आणि त्या रोज मी पुसते.

आमच्या बाजूने आम्ही काही कमी ठेवलेलं नाही. दिवेलागणीची घंटा झाली की नोंग तिबुर्स्यो त्याचं कॅरिओकेचं मशीन हातगाडीवर घालून आपल्या अंगणात आणतो आणि आम्ही चव्वेचाळीस-सतरा नंबरचं गाणं लावतो. दुसरं कोणतं लावणार? तिनागोत बाहेरून येणाऱ्या माणसाला हेच गाणं म्हणतात. ‘ये ना राजा, ये, तुझं ताट मांडलंय, तुझ्या चपला दारातच आहेत.’ इतकं मायेचं गाणं इंग्रजीत दुसरं नाही, असं आपली माएस्त्रा ओलिंपिया म्हणते, आणि चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईशी वाद कोण घालणार. तुला आठवतं, बिशप आले होते तेव्हा चर्चच्या गायकांनी हेच म्हटलं होतं? पहिल्या ओळीलाच बिशपांना असा ठसका लागला की दोघांनी पाठ चोळली. भरून आलं होतं त्यांना. जेवायलासुद्धा थांबले नाहीत.

आणि तातय? खलाशी होता तेव्हा दर खेपेला जहाजावरून उतरला की सगळं गाव धक्क्यावर उभं राहून हे म्हणायचं, आणि तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचा. वर्षानुवर्षं हसला. म्हणून आम्हाला वाटलं, याच गाण्याने आत येईल. येत नाही.

माएस्त्राचं म्हणणं, ज्याने हाकललं त्यानेच बोलवायला हवं. त्या रविवारी फोनवर तू त्याला म्हणालीस ना, की पुन्हा कधी माझ्या दारात येऊ नका? तो घरी आला, जेवायला बसला, आणि अर्ध्या जेवणातून उठून बोटीवर निघून गेला. मी ताट फिरवलं होतं. जेवणावरून कुणी उठून निघालं की मागच्यांनी ताट फिरवायचं, म्हणजे वाटेत त्याला काही होत नाही, हे तुला मीच शिकवलंय. फिरवलं, तरी झालं.

मी तुला दोष देत नाही. फक्त एका कॅसेटवर चव्वेचाळीस-सतरा म्हणून पाठव. दोनच कडवी आहेत. तुझा आवाज ऐकला की येईल तो.

नानाय


१६ नोव्हेंबर

जोवेलिन,

तुझी कॅसेट अजून आली नाही. पोस्टमन रोज सायकलवरूनच मान हलवतो.

तोवर आम्ही हातावर हात ठेवून बसलो नाही. गाण्यात जे जे म्हटलंय ते सगळं नीट करायचं ठरलं, कारण नोंग तिबुर्स्योला वाटतं की आपण नुसतं गातोय, पाळत काहीच नाही. ताट मांडलं. चपला दारात ठेवल्या, चर्चला जायच्या, कारण रोजच्या त्याच्या पायात होत्या. अडलं ते दुसऱ्या कडव्यापाशी. ‘येताना सगळा समुद्र घेऊन ये, माझ्या जमिनीला सवय आहे.’ यावरून माएस्त्रा आणि नोंग तिबुर्स्योची अठरा वर्षं जुंपलेली आहे, ती माझ्या अंगणात पुन्हा जुंपली.

“समुद्र म्हणजे आसवं,” माएस्त्रा म्हणाली. “कवी सरळ बोलत नसतात.”

“समुद्र म्हणजे खोकी,” नोंग तिबुर्स्यो म्हणाला. “खलाशी घरी येताना काय आणतो? साबण, चॉकलेट, डब्यातलं मांस. बायको आसवं आण म्हणून सांगेल होय? तुम्ही लग्न केलं असतंत तर तुम्हाला कळलं असतं.”

“केलं नाही म्हणून तर वाचायला वेळ मिळाला.”

आसवं आम्ही तीन आठवडे ढाळतोच आहोत, त्यांनी काही झालं नाही, म्हणून आधी खोकी. वरच्या पायरीवर साबणाच्या वड्यांची रास लावली. सकाळी साबण होता तसा, पावलं तिसरीवरच. मग मी म्हटलं, समुद्र म्हणजे समुद्रच असेल. गेले आणि बादलीत समुद्राचं पाणी आणून घरात ठेवलं. माझी कंबर तुला माहीत आहे, अर्धीच बादली आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी बादली काठोकाठ भरलेली होती आणि आत एक जिवंत कोळंबी फिरत होती. छप्पर गळत नाही. मी नोंग तिबुर्स्योला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, “नांग पिनिंग, हे चांगलं की वाईट ते मला विचारू नका,” आणि साबण उचलून घेऊन गेला.

आणखी एक सांगते, मग तू हसायचं तर हस. शनिवारी घंटा व्हायच्या सुमाराला फादर रस्त्याने चालले होते, म्हणून आम्ही सगळे गाणं सोडून उभे राहिलो. मशीन चालूच होतं. पडद्यावर शब्द पुढे सरकत होते, माइक बाकावर पडलेला, कुणाचंही तोंड उघडं नाही. गाणं संपलं, तुतारी वाजली आणि मशीनने गाण्याचे शंभर गुण दाखवले. आम्ही पंचवीस जण मिळून गातो तेव्हा बहात्तरच्या वर जात नाही. या गावात शंभर एकालाच पडायचे. मग घराखालून, जिथे जाळी ठेवतो ना, तिथून कुणीतरी हसलं. पोटभर, दम लागेपर्यंत. ते हसू सगळ्यांनी ओळखलं. पोराटोरांना घेऊन बायका निघून गेल्या.

मला भीती वाटली नाही असं लिहिणार होते, पण वाटली. त्या रविवारी केलेला बांगडा आणि भात दोन दिवस टोपात तसाच होता, झाकणसुद्धा काढलं नव्हतं. मांजरालाही घालवेना. तो हसला तेव्हा मला एकदम त्या टोपाची आठवण झाली. का कुणास ठाऊक.

कॅसेट पाठव.

नानाय


२५ नोव्हेंबर

जोवेलिन,

कॅसेट मागवली होती, तू शिकवणी पाठवलीस.

तुझं पत्र मी एकटीने वाचलं नाही, कारण त्यातला अर्धा भाग इंग्रजीत. माएस्त्राला बोलावलं, तिच्यामागून नोंग तिबुर्स्यो आला, त्याच्यामागून गल्ली आली. तेव्हा तू लिहिलेलं आता सगळ्या तिनागोला माहीत आहे. तुझ्या मालकाच्या मुलाकडे हे गाणं आहे, सोबत शब्दांची चोपडी आहे, आणि गाणं तीन कडव्यांचं आहे. आपल्या मशीनमध्ये दुसऱ्या कडव्यानंतर तुतारी वाजते, म्हणून आम्हाला वाटत होतं तिथेच संपतं. आणि ते गाणाऱ्या बाईने स्वतः सांगितलंय की हे स्वागताचं गाणं नाही. तिचा नवरा बेवडा होता, दहा वेळा सोडून गेला आणि अकराव्या वेळी दारात आला, त्याला ती आतून टोमणे मारतेय. तिसरं कडवं तू लिहून पाठवलंस. माएस्त्राने ते आधी इंग्रजीत वाचलं आणि मग आपल्या भाषेत सांगितलं. ‘ताट कुत्र्यासाठी आहे राजा, चपला शेजाऱ्याला बसल्या, कुलूप नवीन आहे. ये ना, ये, आणि बाहेर उभा राहून बघ.’

टोमणे कळत नाहीत असं आपलं गाव नाही. टोमण्यावाचून इथे कुणी कुणाला मीठसुद्धा देत नाही. पण ती बाई इतक्या गोड गळ्याने म्हणते, आम्हाला कसं कळावं?

मग एकेकाला एकेक आठवायला लागलं. नोंग तिबुर्स्योच्या मुलीचं लग्न याच गाण्यावर लागलं. तो म्हणाला, “तरीच. जावई तेव्हापासून दारातच बसलेला असतो.” चर्चमध्ये गाणाऱ्या बायकांना बिशप आठवले. त्यातल्या दोघी तोंड झाकून घरी गेल्या. मीही हसले, जोवेलिन. एका महिन्यात पहिल्यांदा हसले, आणि ते तुझ्या पत्रामुळे.

माएस्त्रा मात्र हार मानणारी नाही. ती म्हणाली, “कवीला त्याच्या गाण्यातलं काय कळतं? ते आपण अठरा वर्षं गातोय, ती तीन मिनिटं गायली.” आणि असं बोलता बोलताच तिचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, “पण आन्सेल्मोला इंग्रजी येत होतं.”

तुझा तातय, एकोणीस वर्षं परदेशी जहाजांवर काढलेला माणूस. त्याला तिन्ही कडवी येत असणार. म्हणून हसायचा धक्क्यावर. सगळं गाव हात जोडून त्याला बाहेर उभं राहायला सांगतंय, आणि गावाला पत्ता नाही. आणि एवढा महिना तो रोज पाण्यातून वर येत होता आणि आम्ही मशीन लावून, माइकवर, पंचवीस जण मिळून त्याला तेच सांगत होतो. नोंग तिबुर्स्यो उठला आणि त्याने वायर ओढून काढली. मशीन बंदच होतं, तरी काढली.

तू शेवटी विचारलंयस की नानाय, तातय जेवत होता की नव्हता. पहिल्या पत्रात ताट फिरवलं, दुसऱ्यात टोपाचं झाकणही काढलेलं नव्हतं. हाँगकाँगला राहून तू हुशार झालीस. त्याचं नंतर लिहीन. माएस्त्रा कडवं वाचत होती तेव्हा मला गरमीने कसंसंच झालं, मी आत जाऊन पडले होते. अजून बरं नाही.

नानाय


१ डिसेंबर

माझ्या बाळा,

हे पत्र चाळिसाव्यापर्यंत तुला पोहोचणार नाही. तरी आधी तुला सांगते, मग त्याला सांगेन.

तो जेवत नव्हता. तो घरात आलाच नाही. मी येऊ दिलं नाही.

त्या रविवारी तुला फोन त्याने केला तो भांडायला नव्हे. तुझी माफी मागायला केला होता. सकाळपासून दाढी करून बसला होता, फोनवर दाढी कुणाला दिसणार होती देव जाणे. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने तुझं नाव काढलं आणि मी मासे करायला घेतले. मग तो दुकानात गेला, आणि माफी मागता मागता तुझ्याशी भांडला. त्याचं नेहमीचंच. तिथून पुढे नोंग तिबुर्स्योच्या परसात माडी पीत बसला. मला हे सगळं शेजारणीने येऊन सांगितलं. तीन वर्षांनी माझ्या लेकीचा आवाज घरात यायचा होता आणि या माणसाने तोही घालवला, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी दाराला कडी घातली.

दिवेलागणीला तो आला. तिसऱ्या पायरीवर उभा राहिला, पुढे तोल जात असेल. आणि परका माणूस दारात हाक देतो तशी हाक दिली, “आयो.” पिऊन आला की स्वतःच्या घरी अशीच हाक द्यायचा, मला चिडवायला. तीनदा दिली. मी आतून म्हटलं, “बोटीत जाऊन नीज. लेक तोडलीस, आता मला तोंड दाखवू नकोस.” मग त्याने चव्वेचाळीस-सतरा म्हणायला घेतलं. ये ना राजा, ये. मला वाटलं, लाडीगोडी लावतोय. दोन कडवी झाली तरी तो थांबला नाही, पुढे काहीतरी म्हणतच राहिला, त्याच चालीवर. मला वाटलं, माडी बोलतेय, मनाचं काहीतरी जुळवतोय. शेवटी खूप हसला. हसता हसता रडतोय हेही मला दाराआडून कळत होतं. त्या दिवशी माएस्त्रा तुझ्या कागदावरचं इंग्रजी वाचायला लागली आणि मी तो आवाज ओळखला. शब्द कळले नाहीत, पण तेच होते. मी आतून जे म्हटलं होतं, तेच तो बाहेरून मला म्हणून दाखवत होता.

वारा सुटलेला मला ऐकू येत होता. छपराचा पत्रा उडायला लागला होता. मी कडीपाशी दोनदा गेले. वाटलं, अजून पाच मिनिटं, जरा कळू दे याला. मग कडी काढून खाली गेले तर बोट बांधायचा खांब होता, दोर नव्हता.

म्हणजे त्याला जेवताना उठवलं नाही तू. तुझ्यामुळे गेला नाही तो, जोवेलिन. तू फोनवर जे बोललीस ते कुठलीही लेक बोलते, आणि तो ते पचवून घरी आला होता. माझ्यामुळे गेला. तुझ्या माथी मारलं, कारण तू लांब होतीस आणि तसंही माझ्याशी बोलत नव्हतीस. मला वाटलं, आणखी काय बिघडणार आहे. तू महिनाभर तिथे लोकांची लादी पुसताना स्वतःला खात असशील आणि मी इथे तुला कॅसेट मागत होते. मला क्षमा कर असं लिहिण्याचा मला हक्क नाही, पण लिहिते. मला क्षमा कर.

परवा कुणी गाणार नाही. मी सांगून ठेवलंय.

नानाय


९ डिसेंबर

जोवेलिन,

तुझा निरोप नोंग तिबुर्स्योने पळत येऊन दिला. एकोणीस तारखेची बोट. पत्र वाचून तू एवढंच म्हणालीस म्हणे, “नानायला सांगा, मी येते.” त्याने तीनदा सांगितलं तरी मी पुन्हा पुन्हा विचारत होते.

चाळिसाव्याचं लिहिते. सकाळी प्रार्थना झाली, तांदळाचे गोड केक वाटले, लोक जेवले. अशा दिवशी पाहुण्यांना पोहोचवायला जायचं नसतं, तेव्हा सगळे आपापले उठून गेले, उजेड असतानाच. मशीन नव्हतं. मी दार सताड उघडं टाकलं आणि आत जमिनीवर बसले. घंटा झाली. मग खालून हाक आली, “आयो.” तीनदा.

मी सांगितलं. कडी मी घातली, वारा ऐकूनही काढली नाही, आणि तुझ्या लेकीवर ढकललं. गाण्यातलं एक अक्षर आम्हाला कळलं नव्हतं, ते मनावर घेऊ नकोस. मग मी साध्या आपल्या बोलीत म्हटलं, ये आत.

चौथी पायरी वाजली. मग पाचवी. मी मान वर केली नाही. तेवढं धाडस मला झालं नाही. डिझेलचा आणि शेवाळाचा वास आला. पाय माझ्यासमोरून गेले, करंगळी नसलेला उजवा माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता, आणि बांबूच्या पट्ट्यांमधून पाणी खाली ठिबकत होतं. मी ताट वाढलं आणि पाठ करून बसले. ताट वाजलं. किती तरी वेळ वाजलं. त्याला इतकी भूक लागली असेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

सकाळी पावलं आत आलेली होती. बाहेर गेलेली नव्हती.

फादर म्हणतात, चाळिसाव्यानंतर त्याने वर निघून जायला हवं. मी म्हटलं, तीस वर्षांत त्याने माझं एक ऐकलं नाही, आता तुमचं ऐकेल होय. त्यांनी पवित्र पाणी शिंपडलं. घरात आधीच इतकं पाणी आहे की कुठलं कुठलं ते कळलंसुद्धा नाही.

तेव्हापासून तो असतो. कोपऱ्यात, जिथे तो जाळी विणायचा. मी मान खाली घालून माझी कामं करते आणि सांगते, आज तांदूळ महाग झाला, नोंग तिबुर्स्योने चव्वेचाळीस-सतरावर काळी पट्टी चिकटवली, माएस्त्रा त्याच्याशी बोलत नाही. बरं वाटतं, खोटं का बोलू. माझी भीतीही बरीच गेली होती.

पण रविवारी तो कोपऱ्यात असताना खालून हाक आली, “आयो.” तीनदा. भर दुपारी. त्या वाऱ्यात या किनाऱ्यावरचे अकरा जण गेले, तुला ठाऊक आहे. कुणाकुणाच्या घरी काय काय झालं होतं, कुणी कुणाला काय म्हटलं होतं, ते मला कसं कळणार. एकदा एका माणसाला मी बाहेर ठेवलं आहे. मला दुसऱ्यांदा ते जमलं नाही. मी म्हटलं, या. त्या पावलांना पाचही बोटं होती. सोमवारी आणखी एक आला, त्याचा पाय लहान होता, चौदा-पंधरा वर्षांचा असावा. आज पहाटे किती आले ते मी मोजलं नाही. भाताचं मोठं पातेलं माएस्त्राकडून आणलंय. कशासाठी हे तिने विचारलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून तांदूळ पाठवला.

तू घाबरून बोट सोडू नकोस. ते कुणाला काही करत नाहीत. ओले आहेत, भुकेले आहेत आणि कुणी आत घेतलं नव्हतं, एवढंच. मीही घाबरत नाही, फक्त वर बघत नाही. कुणाचा चेहरा कसा झाला असेल सांगता येत नाही, आणि मला त्याचा जुना चेहरा लक्षात ठेवायचा आहे.

तेव्हा एकोणीसला आलीस की जिन्याखाली उभी राहा, आणि नुसतं आयो म्हणू नकोस. ते सगळेच म्हणतात. तुझं नाव सांग, जोवेलिन. दार मी उघडेनच, मी आता सगळ्यांनाच उघडते. पण तुझं नाव ऐकलं तर मी मान वर करेन.

नानाय